नऊ नंबरची खाट

नाव घेऊन नाही. नुसतं "ए."
एवढंच ऐकलं होतं मी,
अडुसष्ट सालच्या डिसेंबरात, इंदूरला,
छावणीतल्या मिशनच्या दवाखान्यात.
नर्सिंगचं पहिलं वर्ष, वय सतरा,
नगरहून आणलेली गोधडी डोक्यावरून घेतलेली.

उठले. अनवाणीच
मेट्रन वाघचौरेंच्या दाराशी गेले.
"मी नाही बोलावलं. जा, नीज."
पुन्हा "ए." पुन्हा ती गारठलेली फरशी.
तिसऱ्या खेपेला त्या उठून बसल्या, केस सुटलेले,
आणि रविवारच्या शाळेतली ती गोष्ट,
म्हाताऱ्या याजकाकडे रात्री धावत जाणाऱ्या मुलाची,
दोघींना एकदमच आठवली असावी.
त्यांनी माझं मनगट धरलं.
"प्रमिला, हे पाचारण आहे. गुडघे टेक."
टेकले. उजाडेपर्यंत.

सकाळी नऊ नंबरची खाट मीच आवरली.
गेंदालाल, मालवा मिलमधला. चादर अजून कोमट.
तिची घडी घालताना मी गुणगुणत होते,
हे मला फार नंतर आठवलं.

त्या एका अक्षरावर मी आयुष्य काढलं.
रतलामचं स्थळ आलं होतं, मुलगा रेल्वेत.
"मला पाचारण आहे" असं कळवलं,
तर त्याच्या आईनं विचारलं, हा कसला आजार?
मिशनची माणसं गेली, मग पगार गेला,
मग विश्वस्तांचा खटला, मग अर्ध्या वॉर्डात
शेवेचं गोदाम आलं.
उरलेल्या अर्ध्यात मंगळवारी आणि शुक्रवारी
मी शुगरनं कुजलेली पावलं धुते.
बँडेजला तळणीचा वास लागतो.
पाळक काळोखे म्हणतात, "सिस्टर, विश्वास असावा तर तुमच्यासारखा!"
त्यांना काय सांगू,
प्रार्थनेला बसले की मला फ्रीजची घरघर ऐकू येते
आणि ती थांबली की काहीच नाही.

मेट्रनबाई ऐंशीच्या झाल्या होत्या, पलासियाला, भाचीकडे.
मी केळं भरवत होते. मध्येच तोंड मिटलं, म्हणाल्या,
"तो नऊ नंबरचा होता गं. पाणी मागत होता.
मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.
फार थंडी होती."
आणि बऱ्याच वेळानं,
"तुला तर देव मिळाला."

साल माझ्या मुठीत काळं पडत गेलं.

तीन रविवार चर्चला गेले नाही.
चौथ्या रविवारी गेले ती भांडायला,
मागच्या बाकावर, सगळे उठून गेल्यावरही बसून:
प्रभू, तू होतास की गेंदालाल?
तू असशील, तर त्याचा आवाज कशाला घेतलास?
आणि तो असेल, तर
गुडघ्यांवर बसलेल्या मला
कान धरून उठवलं का नाहीस?
माठ वीस पावलांवर होता.
तहान म्हणजे काय,
हे तुला तरी कुणी सांगायला नको होतं.

उत्तर आलं नाही.
चौकीदार कुलूप घेऊन आला.

दोन दिवसांनी मंगळवार.
पावलं दारात रांगेनं बसलेली,
त्यांना माझ्या भांडणाचं काही माहीत नव्हतं.
एकाच्या अंगठ्यात अळ्या पडल्या होत्या.
मी बादली भरली.

याला विश्वास म्हणतात का, मला ठाऊक नाही.
मेट्रनबाईंना मी माफ केलं की नाही, तेही नाही;
केळं मात्र शेवटपर्यंत भरवलं.
आता रात्री कुठूनही,
रस्त्यावरून, गोदामातल्या पोराकडून,
माझ्याच झोपेतून, "ए" आलं
की मी "कोण?" विचारत नाही.
आधी तांब्या भरते.